मी कुठं बसू गं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या विषयाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस जरा गोंधळतो. ‘अर्बन डिझाइन शिकवते’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे इंटिरिअर का?’ मराठीत याला ‘नागरी अभिकल्प’ असा शब्द आहे; पण तो उच्चारला तर गोंधळ आणखी वाढतो. म्हणून मी सोपं करून सांगते. आर्किटेक्ट इमारत आखतो. नगररचनाकार अख्ख्या गावाचा आराखडा करतो. घरं कुठं, बाजार कुठं, कारखाने कुठं, ते ठरवतो. या दोघांच्या मधे जे उरतं, म्हणजे रस्ता, चौक, मैदान, देवळापुढचा पार, बोळाच्या तोंडावरचा कट्टा, त्याचा विचार आम्ही करतो. जी जागा एकाची नाही आणि सगळ्यांची आहे, ती आमच्या वाट्याची. तीसेक वर्षं मी हा विषय शिकवला आणि त्यावर संशोधन केलं. आता संशोधन म्हटलं की प्रयोगशाळा डोळ्यापुढे येते. माझं संशोधन म्हणजे उन्हातान्हात चौकात उभं राहून माणसं मोजणं.

एकदा सोलापुरात, नवी पेठेजवळच्या एका चौकात मी अशीच वही घेऊन उभी होते. दर तासाला दहा मिनिटं मोजायचं. चालणारे किती, उभे किती, बसलेले किती. त्यांत पुरुष किती, बायका किती, मुलं किती, म्हातारी माणसं किती. प्रत्येकासाठी नकाशावर एक ठिपका. दुपारपर्यंत कोपऱ्यावरचा चहावाला माझ्याकडे बघत होता. शेवटी न राहवून आला आणि म्हणाला, ‘म्याडम, काय मोजायलाव? रस्ता रुंद करनार हायेत का?’

मी हसून म्हटलं, ‘नाही हो, अभ्यास आहे.’

तो हसला नाही. ‘आधी आसंच मोजत्यात. मागनं जेसीबी येतो,’ म्हणाला आणि गाड्याकडे निघून गेला.

त्या माणसाचं म्हणणं मला पुढे फार महागात समजलं. ती हकिकत मी सांगणार आहे. पण आधी थोडं मागे जाऊ.

माझं लहानपण सोलापूरचं. वडील मिलमध्ये. भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं, असे ते दिवस. सोलापूरची पहिली कापड गिरणी, जिला सगळं गाव ‘जुनी मिल’ म्हणतं, ती १८७७ सालची. नंतर एकामागून एक गिरण्या आल्या, त्यांच्याभोवती पेठा वाढल्या, चाळी झाल्या. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच नळावर भांडायच्या आणि एकाच कट्ट्यावर गप्पा मारायच्या. आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, हात सतत चालू. ती घराबाहेर पडायची ती वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन नवी पानं आणायला, बाजाराला आणि देवळाला. मात्र वर्षातले काही दिवस ती निव्वळ फिरायला म्हणून बाहेर पडायची. ते दिवस गड्ड्याचे.

सोलापूरबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते. गड्डा म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची संक्रांतीची यात्रा. शिवयोगी सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांची वचनं कानडीत आहेत. त्यांनी लोकांच्या श्रमातून इथे तलाव खोदवला, असं परंपरा सांगते. आजही मंदिर त्या पाण्याच्या मधोमध उभं आहे. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाची इच्छा धरली. आपण योगी, लग्न करू शकत नाही, म्हणून त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, अशी कथा आहे. तो विवाह गाव दरवर्षी लावतं. उंचच उंच असे सात नंदीध्वज, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले भक्त, हिरेहब्बू वाड्यापासून निघणारी मिरवणूक, अडुसष्ट लिंगांना तेलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, मग होम मैदानावर होम आणि शोभेचं दारूकाम. त्याच मैदानावर पाळणे, खेळणी, भांडी, भजी, सगळी जत्रा. मैदानाला नावच या होमावरून पडलेलं आहे.

मी आर्किटेक्ट झाले आणि पुढे दिल्लीत अर्बन डिझाइन शिकायला गेले. १९८० चं दशक होतं. प्रबंधासाठी आपल्या गावातली एक जागा निवडा, असं सांगितलं होतं. मी अर्थातच होम मैदान निवडलं. एवढी मोठी मोकळी जागा, किल्ला आणि तलाव शेजारी, आणि वर्षातले अकरा महिने नुसती धूळ! माझ्यातल्या विद्यार्थिनीला ते सहन होईना. मी हिरवळ काढली, कारंजी काढली, वळणदार पायवाटा काढल्या, दगडी पायऱ्यांचं खुलं नाट्यगृह काढलं. रात्र रात्र जागून रंग भरले. परीक्षकांनी कौतुक केलं, उत्तम गुण मिळाले.

सुट्टीत घरी आल्यावर ते कागद मी आईपुढे पसरले. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि बराच वेळ बघितलं. तिला नकाशा वाचता येत नाही असं मी धरून चालले होते. तिनं विचारलं, ‘हे किल्ल्याकडचं का? मग ह्यात पाळणं कुठं लागणार?’ मी कारंज्यावर बोट ठेवून काहीतरी पुटपुटले. ‘आन् काठ्या कुठनं वळणार?’ काठ्या म्हणजे नंदीध्वज. माझ्या वळणदार पायवाटेवर एकही काठी वळली नसती. मग तिनं शेवटचा प्रश्न विचारला. ‘आन् मी कुठं बसू गं?’

मी म्हटलं, ‘अगं, ह्या पायऱ्या आहेत ना.’

ती म्हणाली, ‘एकटी? रोज? कोन बसू दील?’

माझी पुढची सगळी नोकरी या एका वाक्याचं उत्तर शोधण्यात गेली, असं म्हटलं तर चालेल.

त्या काळी आमच्या हातात एक नवं पुस्तक आलं होतं. विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन माणसाचं, १९८० सालचं. न्यूयॉर्कमध्ये मोठमोठ्या इमारतींपुढे मोकळ्या चौकसदृश जागा बांधल्या होत्या. काही ठिकाणी माणसांची गर्दी, काही ठिकाणी चिटपाखरू नाही. असं का, ते शोधायला या गृहस्थानं कॅमेरे लावले आणि वर्षानुवर्षं माणसं बघितली. त्याचा पहिला निष्कर्ष ऐकून हसू येईल. जिथे बसायला जागा असते, तिथे माणसं बसतात. मोठमोठ्या आर्किटेक्टना हे सुचलं नव्हतं! पण त्यानं आणखी एक गोष्ट नोंदवली. ज्या जागा सर्वांत चांगल्या चालतात, तिथे बायकांचं प्रमाण जास्त असतं. जिथे ते कमी, तिथे काहीतरी बिघडलेलं असतं. डेन्मार्कच्या यान गेल यांनी १९७१ सालीच इमारतींमधल्या जीवनावर पुस्तक लिहिलं होतं. तेही असेच माणसं मोजणारे.

ही सगळी परदेशी मंडळी, असं वाटेल. पण आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ १९१४ साली भारतात आले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचं सांगणं असं, की गावाला औषध देण्याआधी त्याची नाडी बघा, म्हणजे गल्लीबोळांतून पायी हिंडा. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढायला त्यांचा विरोध असे. होळकरांच्या इंदुरात ते काम करत होते. तिथे प्लेगची साथ होती. त्यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं आणि गावात सांगितलं, की जिथली घरं आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ, त्या वाटेनं मिरवणूक जाईल. लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून, घरं रंगवून काढल्या. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि त्याचे उंदीरही होते. जे काम फर्मानांनी होत नव्हतं, ते मिरवणुकीनं केलं. मिरवणुकीला वाहतुकीचा अडथळा समजणाऱ्यांनी ही हकिकत जरूर लक्षात ठेवावी.

आणि खास सोलापूरचं नाव घ्यायचं तर धनंजयराव गाडगीळांचं घ्यावं लागेल. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या गाडगीळांनी सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला. त्याचं इंग्रजी पुस्तक १९६५ साली निघालं. दिल्लीच्या ग्रंथालयात ते हाती आलं तेव्हा आपलं गाव अभ्यासाचा विषय होऊ शकतं, याचंच मला मोठं अप्रूप वाटलं. त्या अभ्यासाचा प्रश्न होता, माणसं काम काय करतात आणि जगतात कशी. मला त्याच्या पुढे जाऊन विचारायचं होतं, काम संपल्यावर ती जातात कुठं?

म्हणून मी मोजायला लागले. आधी पुण्यात, मग इतर शहरांत, आणि दर सुट्टीत सोलापुरात. सिद्धेश्वरांची अडुसष्ट लिंगं एक एक करत पायी हिंडले. त्यांतून मला गावाचा एक वेगळाच नकाशा मिळाला. वाहनांचा नकाशा रुंद रस्ते दाखवतो. हा नकाशा दाखवत होता की माणसं आठशे-नऊशे वर्षं कुठून चालत आली आहेत, कुठं थांबत आली आहेत, कुठं वळत आली आहेत. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस; गावकूस गेलं तरी वेशीची नावं शिल्लक आहेत आणि माणसांची थांबायची जागाही.

पण माझ्या वहीतला एक रकाना मला त्रास द्यायचा. बायकांचा. चालणाऱ्यांमध्ये त्या भरपूर दिसायच्या. भाजी घेणाऱ्या, मुलाला शाळेतून आणणाऱ्या, विड्यांची टोपली घेऊन जाणाऱ्या. बसलेल्यांच्या रकान्यात मात्र त्या नसत. देवळाच्या आवारात असत, दवाखान्याबाहेर असत, बसथांब्यावर असत. म्हणजे कारण असलं तर बसायचं. कारण नसताना, नुसतं वाऱ्याला म्हणून कट्ट्यावर बसलेली बाई शोधून सापडायची नाही. पुढे २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांवरचं एक पुस्तक आलं. बायकांना शहरात विनाकारण रेंगाळता आलं पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. ते वाचताना मला माझ्या वह्यांतले रिकामे रकाने दिसत होते.

मग मी गड्ड्यात मोजलं. तेच होम मैदान, तीच माणसं. रात्री उशिरापर्यंत बायका फिरतायत, खाली बसून भजी खातायत, चार जणी मिळून पाळण्यात ओरडतायत, म्हाताऱ्या पाय पसरून बसल्यात. कुणी कुणाला विचारत नाही, इथं काय करतेस म्हणून. यात्रा संपली, पाळणे उतरले, की पंधरा दिवसांत रकाना पुन्हा रिकामा.

कोजागिरीला असंच होतं. सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर. त्या रात्री हजारो माणसं पायी निघतात, वाहनांची वाट बदलली जाते आणि रस्ता चालणाऱ्यांचा होतो. बायका रात्रभर चालतात. जागोजागी चहा, पाणी, फराळ. एरवी त्याच रस्त्यावर दिवेलागणीनंतर एकटी बाई उभी राहिली, तर तीच काळजीचा विषय होते.

मी विद्यार्थ्यांना विचारायची, या दोन दिवसांत मैदान बदललं का? रस्ता बदलला का? दिवे चार जास्त लागले असतील, तेवढंच. मग बदललं काय? कुणी म्हणायचं गर्दी, कुणी म्हणायचं पोलीस, कुणी म्हणायचं देवाचा धाक. सगळं थोडं थोडं खरं होतं. पण नेमका शब्द मला सोलापुरातच सापडला, आणि तोही लहानपणापासून कानावर पडलेला. संमती.

अक्षता सोहळा जिथे होतो, तो संमती कट्टा. तिथे संमती वाचली जाते आणि जमलेला समुदाय अक्षता टाकतो. त्यामागचा धार्मिक अर्थ जाणकार सांगतील. मी माझ्या विषयापुरतं बोलते. लग्न लागायला नुसता मांडव पुरत नाही, जमलेल्या सगळ्यांनी अक्षता टाकाव्या लागतात. जागेचंही तसंच आहे. पायऱ्या बांधल्या, दिवे लावले, बाकं ठेवली, म्हणजे मांडव झाला. तिथे कुणी बसायचं, यावर गावानं अक्षता टाकल्याशिवाय ती जागा सार्वजनिक होत नाही. गड्ड्यात गाव आईला बसायची संमती देतं आणि बाकीच्या दिवसांत काढून घेतं. तिनं माझा नकाशा अगदी बरोबर वाचला होता. मी मांडव काढला होता, संमतीचा विचारच केला नव्हता.

आता ती मघाची हकिकत. दुसऱ्या एका शहरात, त्याचं नाव घेत नाही, एका कार्यालयासाठी मी एका जुन्या बाजारपेठेचा अभ्यास केला. पादचाऱ्यांना चालायला जागा किती मिळते, असा विषय. आम्ही इमानदारीनं मोजलं. फुटपाथवर कुठे खांब, कुठे पेटी, कुठे दुचाकी, कुठे फुलवाली, कुठे चप्पल शिवणारा. नकाशावर सगळ्यांचे लाल ठिपके आणि त्या तक्त्याला मथळा दिला, ‘अडथळे’. बसायला जागा करा, सावली ठेवा, विक्रेत्यांना एका कडेला रीतसर जागा द्या, अशा शिफारशीही लिहिल्या. त्या पुढच्या पानांवर होत्या. ती पानं बहुधा कुणी उलटली नाहीत. काही महिन्यांनी मी तिथे गेले, तर फुलवाल्या नव्हत्या, चप्पल शिवणारा नव्हता. खांब होते, पेट्या होत्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेत ओळीनं दुचाकी लावलेल्या होत्या. एका दुकानदारानं सांगितलं, नकाशा घेऊन आले होते, लाल ठिपके बघून बघून उठवलं.

ठिपके माझ्याच विद्यार्थ्यांनी काढलेले. मथळा माझ्याच हातचा.

खांबाला आणि फुलवालीला एकाच रंगात दाखवताना मला काही वाटलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. फुलवाल्या गेल्यावर त्या फुटपाथवर संध्याकाळी बायका थांबेनाशा झाल्या. फुलवाली तिथे बसते म्हणून तिच्याशी बोलायला दुसरी बाई थांबू शकत होती. तिला तेवढं कारण पुरत होतं. म्हणजे तो लाल ठिपका अडथळा नव्हताच. त्या जागेचा आधार तो होता. सोलापूरच्या चहावाल्यानं मला आधी बजावलं होतं आणि मी हसले होते.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. मोजण्याआधी ज्यांना मोजायचं त्यांना विचारायचं. नकाशा तयार झाला की आधी त्यांनाच वाचून दाखवायचा. ‘अडथळे’ हा शब्द आमच्या विभागात बंद झाला. संशोधन त्यामुळे हळू चालतं. निबंध कमी छापून येतात. बढतीच्या मुलाखतीत एकदा विचारलं गेलं, तुमचे निबंध इतके कमी का? मी म्हटलं, चहावाल्याला सवड मिळाली की आम्ही पुढे जातो. बढती त्या वर्षी मिळाली नाही. असो.

श्रोतेहो, संमती हा नुसता भावनेचा विषय नाही, तो कायद्याचाही आहे. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर विक्रेता समिती असावी लागते. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. शहराचा विकास आराखडा तयार झाला की तो लोकांपुढे ठेवून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. आराखड्यात बागेसाठी, मैदानासाठी आरक्षित ठेवलेली जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत काही हाललं नाही तर आरक्षण संपतं. १९६६ च्या कायद्यात हे आहे. म्हणजे मैदान जायला कुणी दांडगाई करावी लागत नाही. सगळ्यांनी गप्प बसलं तरी ते जातं.

सोलापूर महापालिकेची हद्दवाढ १९९२ साली झाली आणि शहर सुमारे १७८ चौरस किलोमीटरवर पसरलं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. हद्दवाढ भागात आणि अशा कुठल्याही नव्या वसाहतीत जाऊन बघा. आजच्या नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीची आखणी करताना दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. ‘ओपन स्पेस’ म्हणतात तिला. कुठे तिथे झाडं आहेत, मुलं खेळतायत. कुठे तिला तारेचं कुंपण आहे आणि किल्ली एका घरात. कुठे बाभळी माजल्यात. जागा कागदावर तीच, दहा टक्के. तिचं काय होतं, ते आजूबाजूची माणसं ठरवतात किंवा ठरवत नाहीत.

आणि या गावाला हे नव्यानं शिकवायला नको. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर रस्त्यावर आलं. सरकारनं इथे मार्शल लॉ पुकारला. राष्ट्रीय झेंडा घेऊन रस्त्यानं चालणं हा गुन्हा ठरला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. रस्ता कुणाचा, हा प्रश्न या गावानं एकदा प्राण देऊन सोडवलेला आहे. त्या चौघांच्या पुतळ्यांपाशी उभं राहून मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारते, हा चौक मिळवून दिला त्यांनी. आता इथे बसायला अजून कोण यायचं राहिलंय?

२०२१ च्या जानेवारीत कोरोनामुळे गड्डा भरला नाही. धार्मिक विधी मोजक्या लोकांत झाले. मी त्या दिवसांत सोलापुरात होते. संध्याकाळी मास्क लावून होम मैदानाच्या कडेला गेले. माझ्या विद्यार्थिदशेतल्या चित्रात जेवढं नीटनेटकं होतं, तेवढंच ते रिकामं दिसत होतं. पाळणा नाही, भज्यांचा वास नाही, हरवलेल्या मुलाच्या नावाचा पुकारा नाही. आई त्याआधीच गेली होती. मी वही उघडली, वेळ लिहिली आणि बायकांच्या रकान्यात एक ठिपका काढला. माझाच. दहा मिनिटं तिथे खाली बसले. एक पोलीस आला. ‘काय झालं, मावशी? बरं नाही का?’ त्यानं अगदी आपुलकीनं विचारलं. मी म्हटलं, ‘बरंय. नुसती बसलेय.’ तो थोडा वेळ घुटमळला, मग ‘बसा’ म्हणून पुढे गेला.

आता निवृत्त झाल्यावर माझ्याकडे संस्थेचा नकाशा नाही आणि विद्यार्थीही नाहीत. म्हणून तुम्हालाच एक काम सांगते. खर्च नाही, परवानगी लागत नाही. उद्या संध्याकाळी तुमच्या घराजवळच्या चौकात, मैदानात, नाहीतर ओपन स्पेसपाशी दहा मिनिटं बसा. तिथे कोण आहे ते बघा. मग कोण नाही ते बघा. घरी या आणि जे माणूस तिथे नव्हतं, म्हणजे तुमची आई असेल, सून असेल, चाकाच्या खुर्चीतले आजोबा असतील, शेजारची कामवाली बाई असेल, त्यांना विचारा, तुम्ही तिथं का येत नाही? जे उत्तर मिळेल ते लिहून ठेवा. त्या भागाचा विकास आराखडा कधीतरी हरकती-सूचनांसाठी लागेल, तेव्हा तेच उत्तर अर्जावर लिहून द्या. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल.

आणि पुढच्या वेळी त्या माणसाला सोबत घेऊन जा. पहिल्या दिवशी लोक बघतील. आठवडाभर गेलात, तर बघायचे थांबतील. माझ्या अनुभवात अक्षता अशाच पडतात, एकेक करून.